टिकलीचा कोपरा

टिकली मरून रंगाची होती, मसुराच्या दाण्याएवढी. संगणकाच्या पडद्यावर अगदी डाव्या खालच्या कोपऱ्यात ती चिकटवलेली होती. डाव्या कडेपासून बोटाचं अर्धं पेर आत आणि खालच्या कडेपासून तेवढीच वर. एका बाजूने तिचा गोंद जरा सुटला होता आणि तिथे धूळ बसून केसासारखी काळी रेघ तयार झाली होती. म्हणजे ती आज-काल लावलेली नव्हती.

मी नखाने ती काढायला गेले.

"अहो मॅडम, राहू द्या की ती!" मागून आवाज आला. "ती निघाली तर उद्या अख्खा वर्ग माझ्या डोक्यावर बसंल."

इंदुमती खाडे चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. मिरजेतल्या त्या जुन्या वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. सगळे त्यांना इंदुताई म्हणत. वाचनालयातल्या संगणकांवर आठवड्यातून काही दिवस त्या बायकांचा वर्गही घेत.

"पण पडद्यावर टिकलीचं काय काम?" मी विचारलं.

"तुम्ही घरी आरशावर लावता का न्हाई काढून? तशीच ही."

"आरशावर लावतो ती दुसऱ्या दिवशी परत कपाळावर लावायची म्हणून."

"हिला पण रोज काहीतरी परत लावायचंच असतंय, पण कपाळ न्हवं," असं म्हणून त्या खुदकन हसल्या. पुढचं विचारणार तोच जिन्यावर पावलं वाजली आणि श्रेयसचा आवाज पायऱ्या चढून त्याच्या आधी पोचला.

"हेमाताई, आधीच सांगतो! आज 'बघू' म्हणायचं नाही!"

श्रेयस आवटी पुण्याहून पहाटेच्या गाडीने आला होता, आणि त्याच्यामागे नेल्सन डाबरे, वसईहून, हातात सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन. इतकी वर्षं आम्ही तिघं एकत्र काम करत होतो, पण तिघंही एकाच खोलीत असण्याची ती दुसरीच वेळ.

आम्ही 'ओसरी' बनवत होतो. लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा हा दर्शनी भाग. संगणक चालू केल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते सगळं: चित्रं, खिडक्या, आणि कडेची ती पट्टी, जिच्यावरचं मुख्य बटण दाबलं की बाकीची दारं उघडतात. सगळं मराठीत आणि सगळं फुकट. पगार कुणालाच नव्हता. मी सांगलीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. श्रेयस नोकरीतून उरलेल्या वेळात कोड लिहायचा; ओसरीचा मोठा भाग त्याच्याच हातचा. नेल्सन भाषांतरं बघायचा आणि आमच्या ऑनलाइन फोरमवर येणाऱ्या वापरकर्त्यांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचा. स्वभावाने तो इतका सौम्य होता की शिवी देणाऱ्यालाही तो आधी धन्यवाद द्यायचा.

भांडण पट्टीवरून होतं. ती पडद्याच्या तळाशी आडवी असावी की डाव्या कडेला उभी? ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. माझे विद्यार्थी आजही हे ऐकून हसतात. पण पडदे रुंद झाले होते आणि उंचीला कमी पडत होते. वर्तमानपत्र किंवा परीक्षेची पुस्तकं वाचणाऱ्याला उंचीतली प्रत्येक ओळ हवी असते. म्हणून श्रेयस म्हणायचा, पट्टी उभी करा. जुने वापरकर्ते म्हणायचे, आमचा हात खालीच जातो, हलवू नका. फोरमवर या एका विषयाचा धागा इतका लांबला होता की नवा माणूस तो वाचायला बसला तर मधेच जेवायला उठत असे.

अशा वेळी नेल्सनचा एक उपाय ठरलेला होता. "पर्याय देऊ या की! ज्याला जसं हवं तसं त्यानं सेटिंगमध्ये जाऊन करावं." आमची सगळी भांडणं अशीच मिटली होती. त्यामुळे ओसरीची सेटिंगची खिडकी म्हणजे आमच्या भांडणांचं संग्रहालय झालं होतं. खिडकी बंद करायची फुली डावीकडे की उजवीकडे, घड्याळात सेकंद दिसावेत की नाही, बटणावर दार असावं की दिवा. आणि दिवा असेल तर त्याची ज्योत हलावी की स्थिर असावी, यालाही पर्याय होता. तो माझ्यामुळे. मला हलणारी ज्योत सहन होत नव्हती.

पण पट्टीच्या बाबतीत श्रेयस पर्यायावर समाधानी नव्हता. नवी ओसरी बसवल्यावर पहिल्यांदा जे दिसेल तेच खरं, असं त्याचं म्हणणं. आणि आमचा नियम होता, तिघांचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द माझा.

मी तो शब्द उच्चारत नव्हते. कारण मी मोजलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना बसवून, कुठल्या मांडणीत बटण लवकर सापडतं याची मोजणी केली आणि ती फोरमवर टाकली. दोन्ही मांडण्या सारख्या. मग मी आणखी माणसं बसवली. तरी दोन्ही सारख्या. ज्या फरकाला आकड्यांचा आधार नाही तो मी कसा जाहीर करणार? म्हणून मी लिहीत राहिले, "बघू. अजून निरीक्षणं हवीत."

"रागानं सांगत नाही, ताई," चहाचा कप हातात घेत श्रेयस म्हणाला. तो खरंच रागात नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "पण आज ठरलं नाही तर मी वेगळी चूल मांडतो. माझा कोड घेऊन माझी वेगळी ओसरी. तुम्ही मला नाही म्हणालात ना, तरी मी राहीन. खालीच पट्टी म्हणालात तरी राहीन. 'बघू' म्हणालात तर जाईन."

"तू गेलास तर ओसरी कोण चालवेल?" नेल्सनने विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे."

तो गेला तर ओसरी संपली, हे तिघांनाही ठाऊक होतं. मी सुकेळ्याचा तुकडा तोंडात टाकला. तो चावेपर्यंत बोलावं लागत नाही, एवढाच त्या वेळी त्याचा उपयोग.

"आणि तो त्रस्त येणार आहे ना?" श्रेयसने इंदुताईंना विचारलं. "आला की आधी मला बोलू द्या. बरेच दिवसांचा हिशेब आहे."

'त्रस्त वापरकर्ता' या नावाने फोरमवर लिहिणारा एक माणूस होता. आमच्या प्रत्येक बदलावर त्याची तोफ पहिली. श्रेयसने चाचणीच्या आवृत्तीत पट्टी उभी केली तेव्हा त्याने लिहिलं होतं: "ज्या सद्गृहस्थाने ही पट्टी हलवली, त्याने घरी जाऊन आपल्या आजीचा चष्मा रोज वेगळ्या खुंटीला टांगावा आणि संध्याकाळपर्यंत किती मार बसतो ते आम्हांस कळवावे." श्रेयसची खात्री होती की हा पुण्यातलाच कुणी इंजिनियरिंगचा रिकामटेकडा मुलगा आहे. इथल्या संगणकांवर ओसरीच होती, आणि इंदुताईंकडून कळलं की तो याच वाचनालयात बसून लिहितो. म्हणून तर ही भेट मिरजेत ठरवली होती. पंचवीस वर्षांचा तो तरुण कसा दिसत असेल यावर पुण्यापासून एकत्र येताना गाडीत दोघांची पैजही लागली होती म्हणे.

जिन्यावर आता काठीचा आवाज आला. मग एक वृद्ध गृहस्थ आत आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा, काखेत पेरूंची पिशवी.

"सलाम, नमस्कार," त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "श्रेयस आवटी कोण?"

श्रेयस उभा राहिला.

"तू? अरे, किती बारीक आहेस! मी तर चांगला जाडजूड, मिशीवाला कोणी समजत होतो. तुला मी काय काय लिहिलं रे!" त्यांनी त्याच्या हातात एक पेरू ठेवला. "खा. आमच्या परसातला आहे. तुझी पट्टी मात्र मला अजिबात मान्य नाही."

हे इब्राहिम मुजावर सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. श्रेयसने पेरू हातात धरून ठेवला. साठवलेला हिशेब बाजूला ठेवून त्याने त्यांना खुर्ची पुढे केली.

"मिशीवाला!" नेल्सन मला हळूच म्हणाला. "पैज दोघंही हरलो."

इंदुताईंनी संगणक चालू केले. भिंतीला लावून ठेवलेले पाच पडदे एकामागून एक उजळले.

पहिल्या पडद्यावर पट्टी खाली होती. दुसऱ्यावर डावीकडे. तिसऱ्यावर थेट माथ्यावर. चौथ्यावर उजवीकडे. पाचव्यावर ती कुठेच नव्हती. आणि पाचही पडद्यांवर त्याच कोपऱ्यात एकेक मरून टिकली.

"उजवीकडे?" श्रेयस पुटपुटला. "उजवीकडचा पर्याय कुणी वापरतच नाही. काढून टाकायचा होता तो."

"वापरतात!" नेल्सनचा चेहरा फुलला. "बघ, वापरतात! मी सांगत होतो की नाही?"

"आणि ही पाचवी गेली कुठं?"

"लपलेली असते," नेल्सन अभिमानाने म्हणाला. "माउसचा बाण कडेला नेला की बाहेर येते. तो पर्याय आपण कोल्हापूरच्या त्या पहिल्या भेटीतल्या भांडणानंतर दिला होता."

"कुणी केलं हे सगळं?" मी इंदुताईंना विचारलं.

इंदुताईंनी कपाची बशी पुसता पुसता फक्त मान वळवली. आम्ही त्या दिशेला बघितलं. मुजावर सर खिडकीबाहेर बघत होते.

"सर?" इंदुताई म्हणाल्या.

"मीच," सर म्हणाले. "काल संध्याकाळी जरा तपासणी केली."

"काल संध्याकाळी म्हणं! रोज करतात. आन् सकाळी माझ्या हातनं एखादं मशीन ठीक करायचं राहिलं की आमच्या बायकांना बटण सापडत न्हाई. एक म्हणती मशीन मोडलं, दुसरी म्हणती माझ्याच हातानं बिघडलं, आता भरून द्यायला लागंल. कालच्या वर्गात एक तर रडायच्या घाईला आली."

"पण प्रत्येकाची सेटिंग वेगळी राहते ना," श्रेयस म्हणाला. "ज्याच्या त्याच्या नावाने आत शिरलं की..."

"कुणाच्या नावानं?" इंदुताईंनी विचारलं. "इथं एकच नाव हाय. 'वाचनालय'. पासवर्ड भिंतीवर लिवलाय."

श्रेयसने भिंतीकडे बघितलं. खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेला होता.

मी ज्यांना ज्यांना मोजणीला बसवलं होतं, ते सगळे एकेकटे बसले होते. प्रत्येकाला मी स्वच्छ पडदा दिला होता, आधीच्याचा हात न लागलेला. प्रयोगात तसंच करायचं असतं. इथे मात्र माणूस ज्या खुर्चीत बसत होता ती आधीच्या माणसाच्या अंगाने गरम झालेली असे. एकाने घेतलेला पर्याय दुसऱ्यासाठी बिघाड होता. आणि आम्ही तिघंही, आपापल्या लॅपटॉपचे धनी, इतकी वर्षं एक संगणक म्हणजे एक माणूस असं धरून चाललो होतो.

"म्हणून टिकली," मी म्हणाले.

"म्हणून टिकली," इंदुताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात एकदा घामानं कपाळावरची निघाली, ती दिली चिकटवून पडद्यावर. बघते तर बरोबर बटणावर! तवापासून वर्गात सांगते, जिथं टिकली तिथं बोट. रोज सकाळी दार उघडलं की केर काढायच्या आधी पाची पडद्यांवरची बटणं टिकलीला आणून लावते. तुम्ही येणार म्हणून आज मुद्दाम लावली न्हाईत. म्हटलं, बघू द्या."

"सर," श्रेयस मुजावर सरांकडे वळला. आता हिशेब बाहेर आला. "तुम्ही फोरमवर लिहिता की पट्टी हलवू नका. चष्मा, खुंटी, आजी, सगळं लिहिता. आणि इथे तुम्हीच रोज हलवता?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही हलवू देता म्हणून." सर खुर्चीत बसले, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. "समोर ठेवलं की हात जातो रे. आणि तक्रार लिहायची तर आधी सगळं तपासायला नको? तुझ्या उजवीकडच्या पट्टीत घड्याळ अर्धं कापलं जातं, माहीत आहे?"

"नाही," श्रेयस म्हणाला. त्याने उजवीकडची पट्टी वाकून बघितली. "अरे, खरंच की."

"आमच्या सगळ्या पर्यायांची चाचणी घेणारा जगातला एकमेव माणूस," नेल्सन भारावून म्हणाला. "सर, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुला?" सर ताडकन त्याच्याकडे वळले. "तुझ्यावर तर माझा खरा राग आहे. या श्रेयसवर नाही. हा निदान उलट बोलतो. तू काय करतोस? मी दुपारभर बसून, चांगलं मुद्देसूद, उपमा-बिपमा घालून भांडण लिहितो, आणि तू दोन ओळींत लिहितोस, 'धन्यवाद सर, यासाठी सेटिंगमध्ये पर्याय आहे.' झालं! संपलं माझं भांडण! पर्यायाशी कसं भांडायचं माणसाने? घरी आता भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून मी इथं जिना चढून येतो. मला समोर कोणीतरी पाहिजे, जो म्हणेल, 'असंच आहे, जा.' मग बघा मी काय लिहितो!"

इंदुताईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. नेल्सन मात्र हसला नाही. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

"माफ करा सर," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी भांडण मिटवतोय."

"मिटवतोस कसलं? लोंबकळत ठेवतोस," सर म्हणाले, आणि त्यालाही एक पेरू दिला.

श्रेयस माझ्याकडे बघत होता. बोलण्यासारखं त्याने चहाच्या वेळीच बोलून टाकलं होतं.

मी पहिल्या पडद्यापाशी गेले. तिथे पट्टी खाली होती आणि बटण तिच्या डाव्या टोकाला, टिकलीच्या बरोबर खाली. मग दुसऱ्या पडद्यापाशी. तिथे श्रेयसची पट्टी डाव्या कडेने उभी होती. तिचं बटण वरच्या टोकाला होतं, कारण श्रेयसचं म्हणणं, नजर वरून सुरू होते. टिकली त्या पट्टीच्या खालच्या टोकावर होती. रिकाम्या जागेवर, पण पट्टीवरच.

मी पुन्हा पहिल्यापाशी आले. पुन्हा दुसऱ्यापाशी.

तळाची पट्टी जिथे सुरू होते आणि डावी पट्टी जिथे संपते, तो एकच कोपरा. आम्ही दोन रेषांवरून भांडत होतो, आणि दोन्ही रेषा एका बिंदूत मिळत होत्या. शाळेतली भूमिती. आणि त्या बिंदूवर कुणीतरी केव्हाच खूण करून ठेवली होती. वाचणाऱ्यांना उंची हवी होती. हातांना कोपरा हवा होता. पट्टीशी कुणाच्याच हाताचं काही देणंघेणं नव्हतं.

माझ्या पर्समध्ये स्टीलची छोटी पट्टी असते, प्रयोगशाळेची सवय. ती मी बाहेर काढली.

"संपलं," श्रेयस हताशपणे म्हणाला. "मोजणार आता. नेल्सन, संध्याकाळची पुण्याची गाडी किती वाजता?"

मी स्टीलची पट्टी टिकलीपाशी नेली, आणि तशीच परत पर्समध्ये ठेवली.

"ताई?"

"श्रेयस, तुझ्या पट्टीचं बटण वरून खाली आणायला किती काम आहे?"

"काम काही फार नाही. पण नजर वरून सुरू होते, ताई, मी तुम्हाला दहा वेळा..."

"नजर वरून सुरू होत असेल. हात होत नाही."

"याला आकड्यांचा आधार आहे?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते म्हणताना मला चक्क हलकं वाटलं. "आकडे उद्याही सारखेच येतील."

नेल्सनने घसा खाकरला. "मग हेमाताई, असं करू या का, की बटण वर की खाली, यासाठी सेटिंगमध्ये एक छोटासा..."

"नेल्सन!" आम्ही चौघं एकदम म्हणालो. त्याने तोंडात सुकेळं कोंबलं.

मुजावर सर खुर्चीत पुढे सरकले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि इंदुताईंना म्हणाले, "इंदू, एक मशीन माझ्यासाठी मोकळं ठेव. फोरम उघडून दे." मग माझ्याकडे वळून, गावच्या आखाड्यात उतरणाऱ्या गड्यासारखे खांदे सैल करत म्हणाले, "बोला बाई. काय ते एकदाचं बोला. मी तयार आहे."

मी टिकलीवर बोट ठेवलं.

"पट्टी डावीकडे," मी म्हणाले, "आणि बटण इथे, खाली, टिकलीपाशी. सगळ्यांसाठी असंच. पर्याय नाही."